बर्फातला संसार

अंबडच्या मत्स्योदरी देवीचा डोंगर माशासारखा दिसतो, हे आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक असते. नवरात्रात पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, असे जुनी माणसे सांगतात. वर पोचून, ओटी भरून, घटकाभर टेकले की खाली गाव दिसते, मोसंबीच्या बागा दिसतात आणि त्यांच्या पलीकडे काळी मोकळी राने. दक्षिणेला तोंड केले की गोदावरीची बाजू.

आता याच डोंगरावरून नाकासमोर सरळ दक्षिणेला निघालो, अशी कल्पना करा. बीड लागेल. सोलापूर-विजापूरच्या मुलखातून पुढे जाल. चिकमगळूरचे कॉफीचे मळे ओलांडून कोझिकोडला समुद्रावर उतराल. तिथून पुढे फक्त पाणी. विषुववृत्त गेले तरी पाणी. वाटेत एखादे बेटसुद्धा आडवे येत नाही. असे करत जवळजवळ दहा हजार किलोमीटर गेले की शेवटी जमीन लागते, ती अंटार्क्टिकाची, बर्फाच्या खंडाची. आणि गंमत म्हणजे, नेमके तिथेच आपल्या देशाचे एक घर उभे आहे! त्याचे नाव ‘भारती’.

अंबडचा रेखांश ७५.८ अंश पूर्व आणि भारतीचा ७६.२ अंश पूर्व. म्हणजे आपल्याकडे सूर्य माध्यान्हीला येतो तेव्हा त्यांच्याकडेही माध्यान्हच असते, दीड-दोन मिनिटांचा काय तो फरक. आपण भाकरी थापत असतो त्याच वेळी आपल्या सरळ रेषेत, पृथ्वीच्या त्या टोकाला, आपलीच माणसे थर्मामीटर वाचत असतात. हे नकाशावर पाहिल्यापासून मला त्या घराविषयी शेजारघरासारखी उत्सुकता लागून राहिली. तिथे कोण राहते? पाणी कुठून भरतात? भांडी कोण घासते? जे जे वाचले आणि ऐकले, ते आज मैत्रिणींना सांगावेसे वाटते.

पाण्याच्या राशीवर बसून पाण्याची चणचण

अंटार्क्टिका आपल्या देशाच्या चौपटीहून मोठे आहे. त्याचा ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे, आणि बर्फाचा थर सरासरी दोन किलोमीटर जाड! जगातल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी तिथे गोठून पडलेले आहे. आम्हा मराठवाड्यातल्या बायकांनी हे ऐकले की छातीत कळच येते. इथे टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावायचे, आणि तिथे दोन-दोन किलोमीटर पाणी नुसते साठून राहिलेले!

पण थांबा. त्या खंडाच्या आतल्या भागात वर्षाकाठी ५० मिलिमीटरसुद्धा पाऊस-बर्फ पडत नाही. आपल्या अंबडला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पडतो. म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा हिशोब केला तर आपणच श्रीमंत! तिथला बर्फ हजारो-लाखो वर्षांची शिल्लक आहे. थोडे पडते, पण वितळत नाही, म्हणून साचत जाते. काटकसरीच्या संसाराचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

शिवाय बर्फ म्हणजे पाणी नव्हे, हे तिथे गेल्यावर कळते. एक किलो बर्फाचे नुसते पाणी करायला जेवढी आच लागते, तेवढ्याच आचेवर एक लिटर गारढोण पाणी ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजे चहा उकळायला थोडीच कसर राहिली! तेव्हा इंधन जाळल्याशिवाय घोटभर पाणी नाही, आणि ते इंधन हजारो किलोमीटरवरून जहाजाने आणायचे. आपला ‘मैत्री’ नावाचा दुसरा तळ एका तळ्याकाठी बांधला आहे तो याचसाठी. त्या तळ्याचे नाव प्रियदर्शिनी. हिवाळ्यात वरून ते गोठते, पण खालचे पाणी पाणीच राहते, ते पंपाने घ्यायचे. अहिल्याबाईंनी आपल्याकडे बारवा बांधल्या, यात्रेकरूंची आणि गावाची सोय पाहिली. पाणी बघून वस्ती करावी हा शहाणपणा बर्फातही चुकत नाही.

थंडी केवढी म्हणाल, तर किनाऱ्याजवळच्या आपल्या तळांवर उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास असते आणि हिवाळ्यात उणे तीसपर्यंत उतरते. आतल्या भागात व्होस्टोक नावाच्या रशियन ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदले गेले. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. मृगाच्या सरींकडे आपण डोळे लावून बसतो, तेव्हा भारतीवर दीड-दोन महिने सूर्य उगवतच नाही.

दोघी निघाल्या

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आपले अंबड औरंगाबाद जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात आले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला गोव्याहून ‘पोलर सर्कल’ नावाचे नॉर्वेजियन जहाज गुपचूप निघाले. त्यावर डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. ही आपली पहिली मोहीम.

पहिल्या दोन मोहिमांत सारे पुरुष होते. तिसरी मोहीम डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८३ मध्ये निघाली, आणि तिच्यात दोन बायका होत्या. एक सुदिप्ता सेनगुप्ता. या कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञ, आणि गिर्यारोहणाचे धडे खुद्द तेनसिंगांकडून घेतलेल्या. दुसऱ्या आपल्या मराठी घरातल्या अदिती पंत. जन्म १९४३ चा, नागपूरचा. पुण्याला बी.एस्सी., मग हवाई विद्यापीठात पुढचे शिक्षण आणि लंडनला डॉक्टरेट. नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम. कॉलेजात असताना ॲलिस्टर हार्डी नावाच्या शास्त्रज्ञाचे समुद्रावरचे एक पुस्तक हाती पडले आणि तिथेच त्यांची वाट ठरली.

अदितीबाईंचे काम समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींवर होते. आपल्या शेतात गवत तसे समुद्रात हे सूक्ष्म शेवाळ. सूर्यप्रकाश मिळाला की ते वाढते. कोळंबीसारखा क्रिल नावाचा जीव ते खातो, आणि क्रिलवर पेंग्विनपासून देवमाशापर्यंत सारे पोट भरतात. म्हणजे त्या थंड समुद्राचे मुदपाकखाने हेच! किती खोलीवर किती उजेड पोचतो, त्यात किती शेवाळ वाढते, हे मोजायचे. वाऱ्यात उभे राहून समुद्राचे पाणी वर घ्यायचे, बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, आकडे लिहायचे. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या.

याच तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हा आपला पहिला तळ बांधला गेला आणि १२ जण प्रथमच अख्खा हिवाळा तिथे राहिले. हे घर बर्फाच्या थरावर होते. दर वर्षी वारा बर्फ आणून टाकी आणि घर त्याखाली जाई, म्हणून काही वर्षांतच ते बंद करावे लागले. मग खडकाळ जमिनीवर मैत्री बांधली, आणि २०१२ मध्ये भारती. भारती उभी केली १३४ मालवाहू कंटेनर जोडून, आणि खांबांवर उचलून, म्हणजे वाहता बर्फ खालून निघून जावा.

पाळीचा फळा

आता मुख्य गोष्ट. या घरात हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसे राहतात. शास्त्रज्ञ, डॉक्टर, इंजिनिअर, यंत्रे सांभाळणारे, आणि स्वयंपाकी. समुद्र गोठल्यावर जहाज येत नाही. जे आहे त्यात भागवायचे. एक-दोन स्वयंपाकी असतात खरे, पण कांदे कोण चिरणार? ताटे कोण विसळणार? संडास-न्हाणी कोण धुणार? मोलकरीण तर सोडाच, शेजारीणही हाकेच्या अंतरावर नाही!

तर आपल्या तळांवरची वहिवाट अशी की या कामांना पाळ्या लागतात. आज या दोघांची, उद्या त्या दोघांची. त्यात डॉक्टरही आला आणि मोहिमेचा नेताही आला. ज्याची पाळी त्याने त्या दिवशी प्रयोग बाजूला ठेवून स्वयंपाकघरात हजर व्हायचे. कुणी ‘मी मदत केली’ असे म्हणत नाही, कारण ती मदत नसतेच. ते काम असते, फळ्यावर लिहिलेले.

कचऱ्याचेही तसेच. तिथे काही टाकता येत नाही. १९९१ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, तो १९९८ पासून लागू झाला. त्यामुळे डबे, बाटल्या, प्लॅस्टिक वेगवेगळे करून, बांधून, जहाजाने परत न्यायचे. ओला-सुका वेगळा करताना आपण नगरपालिकेला नावे ठेवतो, पण तिकडे मोठमोठे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे तेच करत आले आहेत.

कपड्यांची एक युक्ती आपल्यालाही उपयोगी पडेल. जाडजूड एकच कपडा ते घालत नाहीत. आत अंगासरशी घाम शोषणारा, मग लोकरीचा, आणि वरून वारा अडवणारा, असे थर घालतात. थरांच्या मधली हवा ऊब धरून ठेवते. आपली गोधडी याच तत्त्वावर शिवलेली असते. डिसेंबरात पहाटे बाळाला न्यायचे असेल तर एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे घाला आणि घाम आला तर आतला आधी बदला. ओला कपडा थंडीत वैरी.

‘हे सगळं तरण्याताठ्यांनी करावं’ असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी मंगला मणी यांचे नाव सांगते. इस्रोतल्या या बाई २०१६ च्या नोव्हेंबरात भारतीवर गेल्या तेव्हा ५६ वर्षांच्या होत्या. त्याआधी त्यांनी बर्फ पडताना पाहिलासुद्धा नव्हता! उपग्रहांची माहिती उतरवून घेण्याच्या कामासाठी त्या ४०३ दिवस तिथे राहिल्या. २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच बाई होत्या.

तुमच्या-माझ्या फ्रिजची गोष्ट

एवढा खटाटोप करून मिळते काय, असा प्रश्न येतोच. आमच्याकडेही आला. त्याचे उत्तर मी फ्रिजवरून देते.

ब्रिटिश शास्त्रज्ञांचे हॅली नावाचे एक ठाणे अंटार्क्टिकात आहे. तिथे १९५० च्या दशकापासून आकाशातला ओझोन वायू मोजत. हा वायू उंचावर राहून सूर्याचे जाळणारे किरण अडवतो. वर्षामागून वर्षे तेच यंत्र, तीच नोंद. इतके कंटाळवाणे काम, की ‘कशाला मोजता’ असे कुणालाही वाटावे. पण पंचवीस-तीस वर्षांच्या वह्या एकापुढे एक ठेवल्या तेव्हा दिसले, की दर वसंतात तिथला ओझोन भयंकर घटतो आहे. १९८५ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडले. आकाशाला भोक पडले म्हणतात ते हेच.

ते पाडले कुणी? फ्रिजमधल्या, फवाऱ्याच्या डब्यांतल्या एका जातीच्या वायूने. म्हणजे शहराशहरांतल्या स्वयंपाकघरांतून सुटलेला वायू जाऊन पोचला निर्मनुष्य बर्फावर! मग १९८७ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरी करार झाला आणि हे वायू हळूहळू बंद झाले. आपल्या देशात ते २०१० पासून बंद आहेत. भोक आता भरत चालले आहे, आणि २०६६ च्या सुमारास तिथला ओझोन १९८० इतका होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या फ्रिजच्या मागची पट्टी वाचा. नव्या फ्रिजवर बहुधा ‘आर-६००ए’ असे असते, तो ओझोनला बाधत नाही. फार जुना फ्रिज भंगारात काढायचा असेल तर नळी तोडून वायू हवेत सोडू देऊ नका.

ओझोन मोजणारे यंत्र फुग्याला बांधून आकाशात सोडतात. ते आपल्या देशात तयार केले ॲना मणी या बाईंनी, हवामान खात्यात असताना. तसले फुगे आपल्या अंटार्क्टिकातल्या तळांवरूनही सोडले गेले.

पावसाचाही संबंध आहेच. आपले मोसमी वारे दक्षिण गोलार्धातल्या हिंदी महासागरावरून निघतात, विषुववृत्त ओलांडतात आणि मग आपल्याकडे वळतात. त्या महासागराचे खालचे टोक म्हणजे बर्फाचा किनारा. तिथला समुद्र किती गोठला, किती वितळला, वारा कसा होता, हे आज लिहून ठेवले तर आपल्या पावसाचे कोडे उद्या थोडे अधिक सुटेल.

आमच्या घरातला प्रश्न

हा विषय आमच्या घरी नुसत्या गप्पांचा राहिला नाही. माझ्या नणंदेची मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला गोवा विद्यापीठात समुद्रशास्त्राचे एम.एस्सी. करायचे आहे. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यातच, वास्कोला आहे, तेही तिने शोधून ठेवलेले! नणंदेचे म्हणणे, “वहिनी, पुण्यापर्यंत ठीक आहे. गोवा म्हणजे परमुलूख. आणि पुढं तिकडं बर्फात जाते म्हणाली तर? लग्नाचं कसं व्हायचं?”

मी काही बोलणार तोच आतून सासूबाई म्हणाल्या, “बहात्तरला आम्ही रस्त्यावर खडी फोडली. उन्हात, लेकरू झोळीत घालून. तवा कुणी म्हणलं का, हे बाईचं काम न्हाई म्हून?”

नणंद गप्प झाली. तिची काळजी खोटी नाही, हे मीही जाणते. लांबचे शिक्षण म्हणजे खर्च, आणि मुलगी डोळ्यांआड गेली की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. पण मी तिला एवढेच सांगितले, की तिथे कुणाला असेच उचलून नेत नाहीत. आधी निवड, मग दिल्लीच्या एम्समध्ये तपासण्या, मग हिमालयात औलीला बर्फात राहण्याचे शिक्षण. पास झाली तर जाईल, आणि न गेली तरी शिक्षण कुठे वाया जाते? आणि जिथे नेत्यालाही भांड्यांची पाळी चुकत नाही, त्या घरात मुलगी वर्षभर राहून आली तर बिघडेल की शिकेल? जावयाने तिथे वर्षभर राहून यावे असे मात्र मला फार वाटते!

फॉर्म भरायचा की नाही, हे अजून ठरायचे आहे. मेव्हण्यांनी ‘बघू’ म्हटले आहे. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार असतो.

घरी पाऊस मोजा

तोवर आमच्या भाचीने एक उद्योग सुरू केला आहे, तो तुमच्या मुलांनाही लावून द्या. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची, सपाट बुडाची काचेची बरणी किंवा डबा घ्या. भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर, उघड्यावर तो पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला, वेळ न चुकवता, आत किती मिलिमीटर पाणी साठले ते पट्टीने मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि पाणी ओतून टाका. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचे, ओळ रिकामी सोडायची नाही. हवामान खात्यातही पावसाची मोजणी सकाळी साडेआठलाच करतात.

हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. तुमची गच्ची ५० चौरस मीटरची असेल आणि दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० लिटर पाणी गच्चीवर पडले. ते टाकीत गेले की गटारात, हे संध्याकाळी घरातल्या कर्त्या माणसाला जरूर विचारा!

भाचीच्या वहीत आतापर्यंत एक्केचाळीस ओळी झाल्या आहेत, त्यांतली तेवीस शून्ये. सासूबाईंना वाचता येत नाही, पण साडेआठ वाजले की त्या ओसरीवरून हाक मारतात, “अगं ए, पाणी मोजलंस का?”